चुरम्याचा तिसरा भाग

आई,

आज दुपारी तुझ्या नातीनं चार चमचे पेज घेतली. पाचव्याला ओठ मिटले. मी वाटी खाली ठेवली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे की विनवायचं नाही, रागवायचं नाही, देवाची शपथ घालायची नाही. वेळ झाली की वाटी न्यायची, शेजारी बसायचं, वेळ संपली की वाटी उचलायची. ती पंधरा वर्षांची आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस. तू गेलीस तेव्हा मी तेराची होते आणि तू बत्तीसची. आता मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे, म्हणून हे लिहिताना तुला 'तू' म्हणायला अडचण वाटत नाही.

मला एक पंगत आठवते. नवं राज्य झालं, बाबांच्या कचेरीचे कागद नागपूरऐवजी भोपाळहून यायला लागले, आणि त्यांच्या सोबतचे एक बाबू बदली मागून नागपूरकडे निघाले. त्यांना आपल्या क्वार्टरमध्ये जेवण होतं. तू चिन्नोरचा भात केला होतास. त्याचा वास मागच्या गल्लीपर्यंत गेला असं कोणीतरी म्हणालं. तू भात वाढत होतीस. त्या वर्षी तू अंगानं भरली होतीस. माझ्या पाठचं बाळ जन्मून नवव्या दिवशी गेलं होतं, आणि बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू संपवायचे म्हणून तू ते एकटी खात बसायचीस. बाबू म्हणाले, "वहिनी, असा तांदूळ नागपुरात नाही भेटणार." बाबा म्हणाले, "आमच्या घरी तरी कुठी टिकते? एक पोतं सगळ्यायले, अन् एक पोतं एकट्या हिले." सगळे हसले. तूही हसलीस, पळी हातात घेऊन म्हणालीस, "हौ, मीच खाते सारं." मीही हसले. पुढच्या सोमवारी तू उपास धरलास.

त्या वाक्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले, असं एक कारण सापडत नाही, शोधूही नका. पण ती पंगत मी विसरत नाही, कारण त्यानंतर मी तुला जेवताना पाहिलेलं नाही. तसं त्याआधीही कमीच पाहिलं होतं. सगळ्यांचं झाल्यावर बायका जेवायच्या. मी शाळेत, बाबा कचेरीत, आणि तू चुलीपाशी पाठमोरी. आपल्या घरात तुझं ताट कुणाला दिसेल अशी सोयच नव्हती.

सोळा सोमवारांचा हिशेब माझ्याकडे होता. दर सोमवारी संध्याकाळी पूजा झाली की मी देवापुढच्या पितळी डबीत एक चिंचोका टाकायची. सोळा चिंचोके झाले की सतराव्या सोमवारी उद्यापन, आणि उद्यापन म्हणजे सोळा मेहुणांना जेवण, हे तूच मला शिकवलंस. तुपागुळातल्या चुरम्याचे तीन भाग करायचे. एक देवाचा, एक वाटायचा, आणि तिसरा भाग व्रत करणारीनं स्वतः खायचा. तो टाकता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही. मी त्या चुरम्याची वाट पाहत होते. एकदा डबीत चौदा झाले. पुढच्या सोमवारी मी पंधरावा टाकायला डबी उघडली तर आत तीनच होते. मी विचारलं. तू म्हणालीस, "मधात मोडला, पोरी. मोडला का पहिल्यापासून मोजा लागते." कधी मोडला, ते मला कळलं नाही. असं पुन्हा झालं. मग तिसऱ्यांदा झालं. सोमवाराला गुरुवार जोडला गेला, मग शनिवार, दोन्ही एकादश्या, चतुर्थी. उरलेल्या दिवशी विचारलं तर "झालं माह्यं" म्हणायचीस. फराळाची भगर तू मला वाढायचीस, शिंगाड्याची लापशी शेजारी द्यायचीस. जितकं कमी खायचीस तितकं जास्त रांधायचीस. मी नको म्हटलं तरी माझ्या पानात आणखी एक पळी पडायची, आणि मी गिळेपर्यंत तू माझ्या तोंडाकडे पाहत राहायचीस.

आता जे लिहिते ते मी कुणाला बोललेली नाही. दर महिन्याला चार दिवस तू मागच्या पडवीत बाहेर बसायचीस, आणि ते चार दिवस स्वयंपाक माझ्याकडे असायचा. मी अकरा वर्षांची. भात करपायचा, हात भाजायचे, शाळा बुडायची. एका महिन्यात तू बाहेर बसली नाहीस. पुढच्या महिन्यातही नाही. मी तारखेकडे डोळे लावून असायची. तारीख जायची आणि मी पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायची. त्या वर्षी मी वर्गात पहिली आले. तुझं काय झालं होतं हे मला कळायचं वय नव्हतं, पण मला त्याचा फायदा होतो आहे एवढं कळत होतं.

बायकांना जे कळलं ते वेगळंच होतं. तीन-चार महिन्यांनी ती गोष्ट विहिरीवर पसरली. तुझं वय ते नव्हतं आणि तुला दिवसही नव्हते, तेव्हा एकच अर्थ उरला. "देवानं सोवळी केली तिले," असं म्हणायला लागल्या. आता तुझा एकही सोमवार अडचणीत सापडणार नव्हता. नैवेद्य तुझ्या हातचा, कारण तुला विटाळ नाही. हळदीकुंकवाला पहिला मान तुझा. नव्या सुना पाया पडायला आणायच्या. तुझे केस मुठीनं गळत होते ते पदराखाली झाकलेले असत. हातावर बारीक भुरी लव आली होती. जेठाच्या उकाड्यात तू अंगभर लुगडं लपेटून उन्हात बसायचीस, नखं निळसर. बायका म्हणायच्या, तपाचं तेज आहे. आम्ही सगळ्यांनी मिळून तुझ्या दुखण्याची पूजा केली.

एकट्या काकूंनी केली नाही. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, माहेरच्या कटंगी गावच्या, तोंडानं फाटक्या. त्या कुंपणावरून भाजीची वाटी द्यायच्या आणि तिथूनच सुरू व्हायच्या. "अवं, खाय ना वं बाई! चालतेस त हाडं वाजतेत तुयी. माह्या घरचे रात्री म्हणते, शेजारी कोण टिपऱ्या खेळून राह्यलं?" तू हसायचीस. त्या हसायच्या नाहीत. "देव काय उपाशी बायका मोजत बसते काय वर? त्याले काही काम नाही?" तू म्हणायचीस, "माहा नेम आहे." "नेम नोको सांगू मले. मी पाह्यतो ना, गाय माह्याच दारातून जाते. तुह्या घरची भाकर खाऊन खाऊन ते गाय फुगली." तेव्हा तू आत निघून आलीस. त्यांची वाटी मात्र तू कधी रिकामी परत पाठवली नाहीस. साखर, मूठभर शेंगदाणे, लोणच्याची फोड, काहीतरी घालून माझ्या हाती द्यायचीस. रिकामी वाटी परत करायची नसते, हेही तूच मला शिकवलंस.

गाईचं मलाही माहीत होतं. मी पाहिलं होतं. मी बोलले नाही.

मग श्रावणाच्या तोंडाशी कासार आला. तुझ्या बांगड्या हातातून गळायच्या. पीठ मळताना परातीत पडायच्या, म्हणून तू त्यांना दोरा बांधला होतास. सवाशिणीनं हात उघडा ठेवायचा नाही. कासारानं तुझा हात धरला, एक माप चढवलं, ते ओघळलं. दुसरं चढवलं, तेही ओघळलं. मग त्यानं माझ्यासाठी काढून ठेवलेल्या बांगड्या उचलल्या आणि त्या तुझ्या हातात बसल्या. तो मोठ्यानं हसला. "घ्या! मायलेकीचं एकच माप." मी तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं तू ओशाळशील. तुझा चेहरा उजळला होता, आई. बाळ गेल्यापासून इतकं आनंदी मी तुला पाहिलं नव्हतं. तू हात उन्हात धरून पुन्हा पुन्हा फिरवत होतीस. मला त्या हाताची भीती वाटली. त्या संध्याकाळी बाबा अंगणात पाय धूत होते. मी त्यांच्यापाशी गेले आणि सगळं सांगितलं. गाय, डबी, चिंचोके, तीन वेळा मोडलेले सोमवार.

बाबा रागावले नाहीत. ते ओल्या पायांनी तसेच उभे राहिले. मग आत जाऊन तुला म्हणाले, "सोळा काय अन् बत्तीस काय, लय झालं आता. येत्या सोमवारी उद्यापन करून टाकू." तू पाठ फिरवून भांडी लावत होतीस. ते बाहेर गेल्यावर तू मला जवळ बोलावलंस. माझं मनगट धरलंस. तुझी बोटं गार होती. "बाबाले कोणं सांगतलं?" मी म्हटलं, "काकूनं."

सोमवारी सोळा मेहुणं जेवली. चुरमा तू केलास, भाग तू पाडलेस. तिसरा भाग मोठा होता. बाबा पाट घेऊन तुझ्यासमोर बसले. दारात बायका उभ्या होत्या. तू एकदा त्या भागाकडे पाहिलंस आणि एकदा देवाकडे. नाही म्हणायची सोय नव्हती. तो भाग टाकायचा नसतो हे तूच सगळ्यांना सांगत आली होतीस. तू खायला लागलीस. घास घेताना तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. एक बाई म्हणाली, "पाह्य, भक्तीनं रडून राह्यली." तू सगळा भाग संपवलास. काकू सगळ्यांत मागे होत्या. तू उठून सगळ्यांना कुंकू लावलंस. त्यांच्यापाशी आलीस आणि करंडा दुसरीच्या हातात दिलास.

त्यानंतर चार दिवस बाबा दुपारी कचेरीतून घरी यायचे. एवढ्या वर्षांत कधी आले नव्हते. तुला पाटावर बसवायचे, समोर स्वतः बसायचे. भात, वरण, वर तुपाची धार, शिरा. "आणखी घे. घे ना. माह्यासाठी." मी वाढायची. मला पळी भरभरून वाढताना आनंद होत होता, हे मला लिहायला हवं. तू जेवत होतीस. दोन वर्षांनी तुझा तिसरा भाग, चौथा भाग, सगळे भाग आम्ही तुला परत देत होतो. तिसऱ्या दिवशी तुझा चेहरा भरल्यासारखा दिसला. पाय तर इतके भरले की जोडवी रुतली. बाबा मला म्हणाले, "पाह्य, अंगी लागून राह्यलं." दाराशी आलेल्या बायका म्हणाल्या, रंग आला. चौथ्या दिवशी तुला दम लागत होता. तू बाजेवर पडून मला हाक मारलीस आणि फळीवरची काकूंची वाटी दाखवलीस. घासून पुसून ठेवलेली. "देऊन ये." मी विचारलं, "काय घालू?" तू म्हणालीस, "काही नोको."

मी कुंपणावरून वाटी दिली. काकूंनी ती घेतली, आत पाहिलं, मग उलटी करून पाहिली, जणू खाली काही चिकटलं असेल. "आई काही म्हणे?" "नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी तू सुपात तांदूळ घेऊन बसली होतीस. मी वेणी घालत होते. सूप खाली पडल्याचा आवाज आला. तांदूळ घरभर झाला होता. सरकारी डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं. ते म्हणाले, हृदय बंद पडलं, अशक्तपणा होता. अशक्तपणा होता तर आता कसं, आता तर जेवत होती, असं बाबा त्यांना परत परत सांगत होते.

गावानं तुझं मरण फार चांगलं मानलं. उद्यापन झालं आणि पाचव्या दिवशी गेली, नेम पुरा केला, सवाशीण गेली. तुझ्या कपाळाचं कुंकू बायकांनी घरी नेलं. पार परसवाडा गावापर्यंत लोक ही गोष्ट सांगायचे. बाबांनी ती ऐकून घेतली आणि हळूहळू त्यांचाही तिच्यावर विश्वास बसला. ते गेले तेव्हा त्यांना एवढंच माहीत होतं की देवानं तुला नेलं. मला ते त्यांच्या हाती राहू द्यावंसं वाटलं.

मी माझ्या घरात उपासाला बंदी केली. लग्नात सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी महिनाभर अबोला धरला. माझ्या घरी देवापुढे डबी नाही, वार पाळत नाहीत, सगळे एका वेळी एका ठिकाणी जेवायला बसतात आणि सगळ्यांची ताटं सगळ्यांना दिसतात. मला वाटलं, दार लावलं. मी शाळेत मुलींना कविता शिकवते. शब्दाच्या मागे काय दडतं ते शोधायला शिकवते. माझ्या मुलीला उपासाची गरजच पडली नाही. ती देव मानत नाही. ती म्हणाली, "आई, भूख नहीं है." मैत्रिणींसारखी तीही निम्मं हिंदीतच बोलते. मग, "स्कूल में खा लिया." मग ताट ढकलून, "देखो मत मेरी तरफ." आणि संध्याकाळी आम्हा सगळ्यांसाठी स्वतः पराठे करायला बसायची. ती माझ्या पानात आणखी एक वाढून माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, त्या दिवशी मला कळलं. तिच्या हातावर बारीक लव होती. पाच महिने तिची पाळी आली नव्हती आणि मी, तारखेवर डोळे लावून मोठी झालेली, मला ते ध्यानात आलं नव्हतं.

ती शाळेचा डबा फेकते हे मी सांगितल्यावर नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून समजावलं. ते म्हणाले, हा आजार आहे, हट्ट नाही आणि व्रतही नाही. पुस्तकांत याला नाव आहे. भूक मेलेली नसते; भूक असते, आणि मुलगी तिच्याशी दिवसभर भांडत असते. जे मिळत नाही ते शरीर स्वतःतून काढतं. आधी चरबी, मग स्नायू, आणि हृदय हाही स्नायूच. पाळी थांबते, कारण शरीर जे टाळता येईल ते टाळतं. लव येते, कारण थंडी वाजते. मी एकेक ऐकत होते आणि एकेक मला ओळखीचं होतं. मग ते म्हणाले, "आता सगळ्यात महत्त्वाचं. घरी नेल्यावर एकदम खाऊ घालू नका. उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न झेपत नाही. रक्तातले क्षार बिघडतात, अंगावर सूज येते. लोकांना वाटतं तब्येत सुधारली. आणि हृदय थांबतं." त्यांनी विचारलं, "घरात आधी कुणाला असं?" मी म्हटलं, "माझ्या आईला." "त्या कशानं गेल्या?" मी म्हटलं, "जेवून."

ते म्हणाले, तेव्हा कुणाला माहीत असणार. खरं आहे. पण ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी तुला दोन वर्षं जगू दिलं, आणि ज्या दिवशी मी सांगितलं त्या दिवसापासून तू पंधरवडाही काढला नाहीस. मुलीचं काय होईल असं मी विचारलं, तर म्हणाले, काही बऱ्या होतात, काही अर्ध्यावर राहतात. तिसरं ते बोलले नाहीत. परतताना तुमसरवरून कटंगीमार्गे येणारी बस घेतली. ती खिडकीशी बसली होती, तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि त्याला वजन नव्हतं. कटंगीच्या बाजारात बस थांबली तेव्हा तिनं डोळे न उघडता विचारलं, "डॉक्टर को किसने बताया, मैं डब्बा फेंक देती हूँ?" मी म्हटलं, "तुझ्या बाबांनी." आज तेवीस दिवस झाले. ती त्यांच्याशी बोलत नाही. ते दाराशी उभे राहून तिला पाहतात आणि जातात.

काकू अजून त्याच गल्लीत आहेत, आणि लग्नानंतर मीही त्याच गल्लीत राहते. दात गेले, तोंड तेच. भेटल्या की कधीतरी विचारतात. एकदा भाजीबाजारात माझा हात धरून विचारलं होतं, "एवढं सांग मले, तुयी माय माह्यावर काहून रागावली होती वं? मी मेल्यावर तिले काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, "मले नाही माहीत." काल त्या काठी टेकत माझ्या घरी आल्या. पोरीसाठी मुगाचं पाणी आणलं होतं, नीट झाकलेल्या वाटीत. तिनं दोन चमचे घेतले. कुणाच्या हातचं घेत नाही, त्यांच्या हातचं घेतलं. काकू जाताना दारात थांबल्या आणि मला वाटलं आता पुन्हा विचारतील. त्यांनी विचारलं नाही. "वाटी राहू दे, घाई नाही," एवढंच म्हणाल्या.

वाटी धुऊन फळीवर ठेवली आहे. तुला लिहायला बसले ते यासाठी की काकूंनी सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं. हे दोघींना सांगायचं होतं, तुला आणि त्यांना. तुला कागद पोचत नाही, म्हणून तुला लिहिता आलं. त्या चार घरं पलीकडे आहेत.